सुट्टीतील रोजमेळ

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मुलांच्या दप्तरांना सुट्टी लागते. त्या दप्तरांच्या मागोमाग घरातील आणखी किती गोष्टी सुट्टीवर जातात, याचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवत नाही. सकाळी सहाचा गजर बंद होतो. शुद्धलेखनाची वही गादीखाली जाते. घुंगरू खुंटीला लागतात, पेटीवर इस्त्रीचे कपडे येऊन बसतात. आणि गेल्या काही वर्षांत व्यापारी घरांतून ज्या वाद्याची मोठी आवक झाली आहे, ती गिटार कपाटावर चढते. जून महिन्यात शाळेची घंटा वाजते तेव्हा दप्तर परत येते. कपाटावर चढलेल्या सर्वच वस्तू खाली उतरतात असे नाही.

सांगलीत हळदीचा व्यापार करणाऱ्या एका एकत्र कुटुंबात गेल्या उन्हाळ्यात असेच काहीसे घडत होते. घरातील मुलगा आठवीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. आदल्या जूनपासून तो आठवड्यातून दोन दिवस गिटार शिकायला जात असे. शिकवणारे सर तरुण, मूळचे कोकणातले. शाळांना सुट्टी लागताच त्यांनीही क्लासला सात आठवडे कुलूप लावले आणि गावी निघण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक कागद दिला. मुलाच्या कागदावर चार ओळी होत्या. रोज वीस मिनिटे. पहिली पाच मिनिटे बोटे मोकळी करण्यासाठी. पुढची दहा मिनिटे ‘सी’वरून ‘एफ’ आणि ‘एफ’वरून परत ‘सी’. उरलेली पाच मिनिटे मनाला येईल ते. आईने तो कागद फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाने लावला आणि सर्व कुटुंबाने तो रोज पाहिला. पाहण्याने जेवढा सराव होतो, तेवढा झाला.

गिटारीशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी या ‘एफ’विषयी थोडे सांगितले पाहिजे. तीन किंवा अधिक स्वर एकत्र वाजवून जो स्वरमेळ होतो त्याला कॉर्ड म्हणतात. नवशिक्याच्या वाट्याला प्रथम ‘सी’, ‘जी’, ‘ए मायनर’ अशा सोप्या कॉर्ड येतात. दोन-तीन बोटे योग्य जागी ठेवली की काम भागते. ‘एफ’चे तसे नाही. तिच्यासाठी डाव्या हाताची तर्जनी आडवी ठेवून पहिल्याच फ्रेटवर सहाही तारा एकाच वेळी दाबाव्या लागतात आणि त्याच वेळी उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन तारा पुढच्या फ्रेटांवर धरायच्या असतात. पहिला फ्रेट दांडीच्या अगदी टोकाशी असतो आणि तेथे तार सर्वांत ताठ लागते. एक जरी तार अर्धवट दाबली गेली तरी स्वराऐवजी खडखड ऐकू येते. पुष्कळ मुलांची गिटार या एका कॉर्डपाशी येऊन कायमची थांबते, असे शिकवणारे सांगतात. या मुलाचे सर गावी गेले ते नेमके ‘एफ’च्या पहिल्या आठवड्यात.

गिटार शिकणाऱ्याची पहिली कमाई त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर जमा होते. सर्वांत बारीक पोलादी तार पाव मिलिमीटरहून किंचितच जाड असते. ती रोज दाबून दाबून बोटांच्या टोकांना आधी लाल वळ येतात, मग त्वचा दुखते आणि काही आठवड्यांनी तेथे घट्टे पडतात. घट्टे पडले की दुखणे थांबते आणि स्वर स्वच्छ येऊ लागतो. परंतु ही कमाई कुलपात ठेवता येत नाही. सराव थांबला की त्वचा हळूहळू मऊ होते आणि सगळी वेदना पुन्हा पहिल्यापासून सोसावी लागते.

बँकेतील बचत खात्याचा एक जुना नियम थोरल्या मंडळींना आठवत असेल. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असे, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. पंचवीस तारखेला एक दिवसासाठी जरी पैसे काढले तरी संपूर्ण महिन्याच्या व्याजावर पाणी सोडावे लागे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून ही पद्धत बदलली आणि व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाऊ लागले. ज्या दिवशी जेवढी रक्कम, त्या दिवसाचे तेवढे व्याज. मुलांच्या क्लासचा व्यवहार बहुधा जुन्या नियमाने चालतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सरांपुढे शिल्लक दाखवायची, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी घाईने भरणा करायचा. बोटे मात्र २०१० नंतरच्या नियमाने चालतात. त्यांच्या लेखी सोमवारचा एक तास हा सोमवारचाच असतो. त्यातून मागच्या चार दिवसांची भरपाई होत नाही. सुट्टीत सर नाहीत, म्हणजे दाखवण्याचा दिवसही नाही. मग घाईचा भरणासुद्धा बंद होतो.

पहिला आठवडा उशिरा उठण्यात आणि रात्री क्रिकेटचे सामने पाहण्यात गेला. त्यानंतर आजोळची वारी आली. आजोळ बार्शीला. मोटारीत आंब्यांच्या पेट्या, दोन लहान चुलत भावंडे, आजीसाठी घेतलेले पितळी डबे. गिटारीला जागा उरली नाही. “अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे,” असे आई म्हणाली आणि ते खोटेही नव्हते.

परत आल्यावर मुलाने गिटार कपाटावरून काढली तेव्हा ती हाताला तापलेली लागली. गच्चीखालची खोली, मे महिन्याचे ऊन, कपाट आणि छत यांमध्ये जेमतेम हातभर जागा. लाकडी वाद्याला इतकी कोरडी उष्णता मानवत नाही. लाकूड आक्रसते, सांधे उकलू शकतात. सुदैवाने तसे काही झाले नव्हते, पण दोन तारांवर गंजाचे ठिपके दिसत होते. परीक्षेआधी शेवटची वाजवली तेव्हा घामाचा हात पुसायचा राहिला होता. मुलाने सूर लावला, ‘सी’ धरला. बोटे दुखली. ‘एफ’ धरला. सहांपैकी दोन तारा वाजल्या. पंधरा मिनिटे त्याने झटापट केली आणि मग गिटार भिंतीला टेकवून तो स्वयंपाकघरात आला.

“आई, मला नाही जमत. जूनपासून क्लास नको.”

आईला वाईट वाटले, पण धक्का बसला नाही. जूनपासून नववी. गणित-विज्ञानाची शिकवणी तर मेमध्येच सुरू व्हायची होती. दोन संध्याकाळी मोकळ्या झाल्या तर त्या हव्याच होत्या. तिने रात्री जेवताना विषय काढला. आजोबा म्हणाले, “नको तर नको. वाद्याला काय जबरदस्ती करायची?” आजी काही बोलल्या नाहीत. वर्षापूर्वी गिटार प्रथम घरात वाजू लागली तेव्हा त्यांनी एवढीच चौकशी केली होती की, या वाद्यात कातडे-आतडे काही नाही ना. प्रश्न अगदी अस्थानी नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभिजात गिटारीच्या बारीक तारा मेंढीच्या आतड्यापासूनच केल्या जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कमधील आल्बर्ट ऑगस्टिन या कारागिराने नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि आंद्रेस सेगोव्हिया या थोर स्पॅनिश वादकाने त्या उचलून धरल्या. घरातील गिटारीच्या तारा तर पोलादीच होत्या. आजींचे समाधान झाले होते, आणि तेव्हापासून त्यांचा गिटारीशी काही वाद नव्हता.

त्या रात्री बोलले ते वडील. एरवी मुलांच्या क्लासच्या विषयात ते पडत नसत. हंगामात तर त्यांना जेवतानाही फोन असत. त्यांनी ताट बाजूला सारले आणि ते म्हणाले, “सोडायचं तर सोड. पण सुट्टीत सोडू नको. जूनमध्ये क्लास उघडेल, तेव्हा सरांसमोर जाऊन सांग, ‘मला पुढे शिकायचं नाही.’ मग सोड.”

कोणाला या बोलण्याचा अर्थ लगेच लागला नाही. आजोबांना लागला असावा. ते पाणी पिण्यासाठी उठले.

गिटार मुळात वडिलांचीच होती. पुण्यात बी.कॉम.ला असताना त्यांनी मेसचे पैसे वाचवून ती घेतली होती. वसतिगृहातल्या एका मित्राकडून ते शिकले आणि दीड वर्षात बऱ्यापैकी वाजवू लागले. १९९८च्या उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन ते सांगलीला आले. हळदीचे सौदे जोरात होते आणि त्याच महिन्यात आजोबांना हृदयविकाराचा झटका आला. मुलगा गादीवर बसला. दिवाणजी जुने आणि विश्वासू होते, पण अडत्यांना मालकाचा माणूस समोर लागतो. “एवढा हंगाम होऊ दे,” असे त्यांनी स्वतःला सांगितले आणि गिटार माळ्यावर ठेवली. पुढे आजोबा बरे झाले, बहिणीचे लग्न झाले, पावसाळा आला, नंतरचा हंगाम आला. गिटार सोडायची असे त्यांनी कधीच ठरवले नाही, त्यामुळे ती सोडल्याची कोठे नोंदही झाली नाही. पंचवीसहून अधिक वर्षे ती माळ्यावर सुट्टीवर होती. आदल्या जूनमध्ये मुलासाठी ती खाली काढली तेव्हा आजोबा एवढेच म्हणाले होते, “अजून आहे होय ही?”

दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी नातवाला सकाळी मार्केट यार्डात न्यायला सुरुवात केली. व्यापारी घरांत सुट्टीतील मुलाचे हे जुनेच शिक्षण आहे. हळकुंड, गड्डा, कणी यांची प्रत कशी ओळखायची. हळकुंड मोडल्यावर आतला रंग कसा पाहायचा. सौद्याच्या वेळी कोण बोलतो आणि कोण नुसता उभा राहतो. मुलाला हे आवडले. दुपारी एक वाजता परत येताना त्याच्या बोटांवर पिवळी धूळ असे आणि तीच बोटे घेऊन तो गिटारीकडे गेला तेव्हा दांडीवर चार पिवळे ठसे उमटले. त्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय गिटारीला शिवायचे नाही, असा नियम आईने केला.

सराव तरीही होत नव्हता. वडिलांनी सोडू नको म्हटले म्हणून मुलगा गिटार घेऊन बसे, पाच मिनिटांत वैतागे. त्याचा वैताग खरा होता, हे सर्वांत उशिरा कळले. सरांनी दिवाळीच्या सुमारास एकदा निरोप पाठवला होता की गिटारीच्या तारा जरा उंच आहेत, कोणा जाणकाराला दाखवा. निरोप आला तेव्हा घरात फराळाची आणि पेढीवर वहीपूजनाची धांदल होती. तो निरोपही कोठे तरी सुट्टीवर गेला. वडिलांना तो आता आठवला, आणि पुढच्या रविवारी ते मुलाला व गिटारीला घेऊन मिरजेला गेले.

सांगलीहून मिरज दहाएक किलोमीटर. सतार आणि तंबोरे घडवण्याची तेथील परंपरा दीड शतकाहून जुनी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर भागात पिकणारे मोठे भोपळे वाळून तेथे येतात आणि त्यांतून वाद्य आकार घेते. अशा गल्लीत गिटार घेऊन जाणे म्हणजे सराफाकडे स्टीलचा डबा नेण्यासारखे, असे मुलाला वाटत होते. परंतु ज्या वयस्क कारागिरांकडे ते गेले त्यांच्या दुकानात आणखी दोन गिटारी दुरुस्तीसाठी टांगलेल्या होत्या. त्यांनी गिटार डोळ्याजवळ आडवी धरली आणि बंदुकीचा नेम धरावा तसे दांडीवरून पाहिले. मग बाराव्या फ्रेटपाशी पट्टी लावून मुलाला जवळ बोलावले. तेथे तार आणि फ्रेट यांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असावे. ते साडेचारच्या वर होते.

“किती वर्षं ताणलेल्या तारा तशाच ठेवल्या होत्या?” त्यांनी विचारले.

वडील हसले, पण आकडा सांगितला नाही.

गिटारीच्या सहा पोलादी तारांचा दांडीवर मिळून पडणारा ताण सत्तर किलोंच्या घरात जातो. एका भरल्या पोत्याचे हे ओझे पंचवीसहून अधिक वर्षे त्या दांडीने माळ्यावर ओढून धरले होते आणि ती पुढे किंचित वाकली होती. दांडीच्या आत लोखंडी सळई असेल तर हा बाक पुष्कळसा काढता येतो. सुदैवाने ती होती. कारागिरांनी तारा सैल करून किल्लीने सळईला पाव वळसा दिला आणि वाद्य एक रात्र ठेवून घेतले. लाकडाला घाई चालत नाही, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तारांखालची घोडी काढून तिची खालची बाजू घासायची होती. घोडी प्लॅस्टिकची होती. हाडाची बसवली तर नाद अधिक खुलेल, असे त्यांनी सुचवले. वडील म्हणाले, “आमच्या आईंना विचारावं लागेल. आहे तीच घासा.” कारागीर समजले. निघताना त्यांनी मुलाचा डावा हात हातात घेऊन बोटांची टोके चाचपली आणि म्हणाले, “पोराच्या बोटांत काही खोट नाही. तारांत होती.”

घरोघरी सुट्टीच्या सुरुवातीला जे उपदेश होतात, त्यांत वाद्य एकदा तपासून घ्यावे हा उपदेश कोणी करत नाही. मूल आळशी आहे, चंचल आहे, त्याला गोडी नाही, हे निदान स्वस्त पडते. वजनकाटा दरवर्षी शासनाच्या शिक्क्यासाठी नेणारी घरे मुलाच्या हातातील वाद्याला मात्र वर्षानुवर्षे बिनशिक्क्याचे ठेवतात.

नव्या तारा चढवून गिटार घरी आली त्या दिवशी ‘एफ’च्या सहांपैकी पाच तारा वाजल्या. ती सहावी तार वाजायला आणखी दोन आठवडे लागले.

आता प्रश्न जागेचा आणि वेळेचा होता. सकाळ मार्केट यार्डात जाई, संध्याकाळी शिकवणी सुरू झाली होती, रात्री वडीलधारी मंडळी बातम्या पाहत. दुपारी दोन ते चार सर्व घर झोपे. त्या वेळी गिटार वाजवणे म्हणजे घराचा शाप घेणे. मुलाने घरामागची जुनी वखार शोधली. रिकाम्या गोणपाटांच्या थप्प्या, हळदीचा जुना वास, एक मोडकी तागडी. ऊन उतरेपर्यंत तेथे बसवत नसे म्हणून दाराशी, चिंचेच्या सावलीत तो एका उलट्या डब्यावर बसे. आवाज फार होऊ नये म्हणून घोडीजवळ तारांखाली हातरुमालाची घडी सरकवून ठेवी. त्याने नाद दबतो पण बोटांचे काम तेवढेच होते. वीस मिनिटे. दहा मिनिटांच्या भागात तो मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावी आणि त्या मिनिटात ‘सी’वरून ‘एफ’कडे व परत किती वेळा स्वच्छ जाता येते ते मोजी. गिटार शिकणाऱ्यांत ही मोजणी प्रचलित आहे. सरांनीच ती शिकवली होती.

मोजलेले लिहिण्यासाठी त्याने पेढीवरून लाल पुठ्ठ्याची एक छोटी लांबट चोपडी आणली. पहिल्या पानावर तारीख, मिनिटे, आकडा. १९ मे, वीस मिनिटे, ६. २० मे, वीस मिनिटे, ६. २१ मे, पंधरा मिनिटे, ८. आकडा रोज वाढत नव्हता. एक दिवस ११ आला आणि दुसऱ्या दिवशी ७. याचे मुलाला आश्चर्य वाटले. हळदीच्या भावाशी रोजचा संबंध असलेल्या आजोबांना वाटले नाही.

आजोबांना ती चोपडी सापडली जूनच्या पहिल्या आठवड्यात. पेढीवर संगणक आणि टॅली येऊन बरीच वर्षे झाली आहेत, परंतु आजोबा अजूनही रात्री झोपण्यापूर्वी रोजमेळ हाताने लिहितात, श्रीशिल्लक जुळवतात आणि तांबड्या शाईने बरोबरची खूण करतात. त्या रात्री चष्मा शोधताना त्यांच्या हाती रोजमेळाऐवजी ती चोपडी आली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली आणि नातवाला बोलावले.

“हे २८, २९ आणि ३० मे कुठे आहेत?”

“आपण कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो ना, आजोबा. तेव्हा वाजवलीच नाही.”

“मग तसं लिही.”

“नाही वाजवली ते काय लिहायचं?”

“खाडा पडला तर खाडाच लिहायचा. पेढी बंद असली तरी त्या तारखेला आरंभीची शिल्लक तीच अखेरची शिल्लक, असं आपण लिहितो. तारीख गाळली की दुसऱ्या दिवशी आणखी एक गाळाविशी वाटते.”

मुलाने २७ आणि ३१ तारखांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बारीक अक्षरांत तीन ओळी लिहिल्या. तिन्हींपुढे शून्य. आजोबांनी चष्मा काढला. गिटारीविषयी ते त्यापूर्वी आणि त्यानंतरही काही बोलले नाहीत. तसे त्यांना गाण्याचे अंग नाही. परंतु त्या दिवसापासून रात्री रोजमेळ मिटला की शेजारची लाल चोपडी ते उघडून पाहू लागले.

३१ मेच्या ओळीपुढचा आकडा मात्र लक्षात घेण्यासारखा होता. तीन दिवसांच्या खाड्यानंतर तो १४ वरून १० वर आला होता, आणि आणखी दोनच दिवसांत १५ झाला. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असाच एक हिशेब मांडला आहे. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचे. विसरण्याचा वेग सुरुवातीला मोठा आणि पुढे मंद असतो, हे त्याला आढळले. त्याहून महत्त्वाचे असे की, पूर्ण विसरल्यासारखी वाटणारी यादीसुद्धा दुसऱ्यांदा पाठ करताना पहिल्यापेक्षा कमी श्रम लागत. जेवढे श्रम वाचले, त्याला त्याने बचत असेच नाव दिले. पाठ केलेली अक्षरे आणि बोटांचे काम यांत फरक आहे, तरी शिलकीची ही गोष्ट दोन्हीकडे दिसते.

ती किती काळ टिकते, याची एक चाचणी त्या घरात जूनमध्ये झाली. पहिला पाऊस येऊन गेला होता, सौदे ओसरले होते आणि वडील बऱ्याच दिवसांनी दुपारी घरी होते. मुलगा वखारीच्या दारात बसला होता. वडील मागे येऊन उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. गिटार मांडीवर घेतल्यावर त्यांना प्रथम काहीच सुचले नाही. मग डाव्या हाताची तीन बोटे न पाहता जागेवर गेली आणि उजव्या हाताने त्यांनी तारा छेडल्या. ‘सी’ होता. रुमालाची घडी तशीच असल्याने आवाज दबलेला आला, पण एकही तार खडखडली नाही.

“पप्पा, तुम्हाला येतं!”

“हे एवढंच,” वडील म्हणाले. त्यांनी ‘ए मायनर’ धरून पाहिला, तोही आला. ‘एफ’साठी तर्जनी आडवी ठेवली आणि चेहरा आक्रसला. एकही तार नीट वाजली नाही. बोटांच्या टोकांवर लाल वळ उमटले ते पाहत ते काही क्षण बसून राहिले आणि मग त्यांनी गिटार परत दिली. “तुझा किती झाला?” त्यांनी विचारले. मुलाने चोपडी दाखवली. २३.

१५ जूनला शाळा उघडणार होती आणि त्याच आठवड्यात क्लास. आदल्या संध्याकाळी आईने फ्रीजवरचा कागद काढून मुलासमोर ठेवला आणि विचारले, “सरांना काय सांगायचं ठरलं?” मुलाने कागद पाहिला, उलटला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले: ‘बी मायनर कशी धरायची ते विचारणे.’ बी मायनरलाही तर्जनी आडवीच ठेवावी लागते. आईने शिकवणीचे वेळापत्रक पुन्हा काढले आणि शुक्रवारची वेळ सहावरून साडेसातवर नेली.

रात्री आजोबांनी रोजमेळ पुरा केला आणि सवयीने लाल चोपडी उघडली. १४ जूनच्या ओळीत वीस मिनिटे आणि २६ होते. तिच्याखाली आणखी एक ओळ होती. अक्षर नातवाचे नव्हते. १४ जून, दहा मिनिटे, ‘एफ’ शून्य. आजोबांनी ती ओळ दोनदा वाचली. हे अक्षर १९९८च्या उन्हाळ्यापासून ते रोजमेळात पाहत आले होते. त्यांनी तांबड्या शाईचे पेन उचलले आणि दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण केली.